कलमासारखी कूर्चाही लावता येते का?

सड्यावरचा (राजापूर) – ४ जुलै, रात्री ९.१०

पाऊस धरला आहे आणि आमच्या रोपवाटिकेत कोयकलमांचं काम चालू आहे. पंधरा-वीस दिवसांचं तांबूस पानांचं रोप घ्यायचं, शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप देऊन आत बसवायची, सालीला साल जुळली की पट्टी बांधायची. बावीस वर्षं हेच करतोय. साल जुळली नाही तर काडी चार दिवस हिरवी दिसते आणि मग काळी पडते.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. वय अडुसष्ट. घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्याची पाखाडी आहे, ती आता तिला बसून बसून उतरावी लागते. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, कूर्चा झिजली, ती परत येत नाही. त्यानंतर सहज शोधताना वाचलं, की सशाच्या नडगीच्या हाडावरचं पातळ आवरण काढून गुडघ्यातल्या खड्ड्यात शिवलं आणि तिथे नवी कूर्चा तयार झाली. म्हणजे हे कलमच झालं की!

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर माझ्या आईपर्यंत का पोचलं नाही?

---

समईची_वात – ४ जुलै, रात्री ९.२५

आमच्याकडेही हेच, सासूबाईंचं. उत्तरांची वाट बघते.

---

गुरांचा_डॉक्टर (कुडाळ) – ४ जुलै, रात्री १०.०२

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, खरं आहे. दुसरं उत्तर लांबलचक आहे, जमेल तसं लिहितो.

आधी कूर्चा म्हणजे काय ते बघू. सांध्यात हाडाच्या टोकाला जो पांढराशुभ्र, गुळगुळीत, ओलसर थर असतो तो. वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास त्यात पाणीच. बाकी कोलॅजन या चिवट प्रथिनाचं जाळं आणि त्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. जिवंत पेशी फारच थोड्या, त्याही आपापल्या खोबणीत अडकलेल्या. रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. सांध्यातल्या वंगणातून जे झिरपेल त्यावर जगायचं. त्यामुळे चीर पडली तर रक्त येत नाही, रक्त नाही म्हणून गाठ नाही, आणि गाठ नाही म्हणून भरून येणं नाही. विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते हेच.

पण हाडावर एक पातळ, चिवट साल असते, पेरिऑस्टिअम. बोकडाची नळी सोलताना सुरीला लागते ती. कानाच्या किंवा बरगडीच्या कूर्चेवरही तशीच असते, तिला पेरिकाँड्रिअम म्हणतात. दोन्ही साधे संयोजी ऊतक, पण त्यांच्या आतल्या थरात अशा पेशी असतात ज्यांनी आपण काय व्हायचं हे अजून पक्कं केलेलं नसतं. स्वीडनमध्ये उप्सालाला स्कूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सशाच्या कानाच्या पेरिकाँड्रिअमपासून नवी कूर्चा तयार होते हे दाखवलं. सगळं तिथून पुढे वाढलं.

उद्या सकाळी गोठ्यांच्या फेरीवर जायचंय, बाकीचं नंतर.

---

गजालीवालो (मालवण) – ४ जुलै, रात्री १०.४०

कूर्चा कूर्चा काय करतास, मोरीचा म्हणजे शार्काचा मटण खाल्लास ना? ता अख्खा कूर्चाच! मोरी, चपटी वागळी ह्या माशांका हाडा नसतत. माझो आजो मोरी कापताना दाखवायचो, मणको साध्या सुरीन कापाक येता. आता माका सांगा डॉक्टरानू, मोरीची कूर्चा तुटली तर ती भरता की नाय?

---

नळीफोड – ४ जुलै, रात्री ११.१५

आमच्याकडे गुडघ्यांना नळीचा रस्सा देतात. आणि मोरीच्या कूर्चेच्या गोळ्याही मिळतात म्हणे, त्या आईंना देऊन बघा. कॅन्सरवरही चालतात असं ऐकलंय.

---

चाफा (दापोली) – ५ जुलै, सकाळी ७.३०

@सड्यावरचा, तुमची उपमा मला फार आवडली, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून हे ठाऊक आहे.

झाडाच्या सालीखाली जो ओला, निसरडा थर असतो तो कँबियम. कलम जुळतं ते त्या थराला थर लागल्यामुळे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दुआमेल द्यू मोन्सो नावाचे एक गृहस्थ होते. झाडं, शेती, लाकूड हा त्यांचा मुख्य अभ्यास. १७४० च्या सुमारास त्यांनी जनावरांना मंजिष्ठासारख्या रंग देणाऱ्या मुळ्या खाऊ घातल्या. त्या खात असताना वाढलेलं हाड लाल होतं. त्यावरून त्यांनी मांडलं, की झाडाचं खोड जसं सालीखालून जाड होतं तसं हाड त्याच्या आवरणाखालून जाड होतं. आजही पेरिऑस्टिअमच्या आतल्या थराला ‘कँबियम थर’ असंच म्हणतात. तुम्ही चिरीत जे जुळवता, त्याचंच नाव डॉक्टरांनी हाडाला दिलंय!

पुढे विल्यम हंटर यांचे धाकटे भाऊ जॉन हंटर यांनी कोंबड्याच्या पायामागचा टोकदार काटा काढून त्याच्या तुऱ्यावर लावला, आणि तो तिथे धरला.

पण एका ठिकाणी उपमा थांबते, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. रायवळ खुंटावर हापूसची काडी लावली तर ती हापूसच राहते. जागा बदलल्याने काडीची जात बदलत नाही. हाडावरच्या सालीचं तसं नाही. ती मोडलेल्या हाडाभोवती राहिली तर हाड करते, सांध्यात नेली तर कूर्चा करते. साल तीच, जागेप्रमाणे तिचं काम बदलतं.

---

सड्यावरचा (राजापूर) – ५ जुलै, सकाळी ८.०५

चाफाताई, हे वाचून हातातली काडी बाजूला ठेवली आणि दोनदा वाचलं. जागेवरून ठरतं म्हणजे नेमकं कशावरून ठरतं?

---

फिजिओ_चिपळूण – ५ जुलै, दुपारी १.२०

मी सांगते, कारण त्यातला एक भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे. हालचाल!

कॅनडात टोरंटोला रॉबर्ट सॉल्टर नावाचे हाडांचे शल्यविशारद होते. सांध्याला दुखापत झाली की प्लास्टर घालून बंद करायचं, असा तेव्हाचा रिवाज. सॉल्टर उलट म्हणाले, सांधा सावकाश पण सतत हलता ठेवा. सशांवर त्यांनी ते करून बघितलं. मग १९८४ मध्ये सॉल्टर आणि त्यांचे सहकारी ओड्रिस्कॉल यांनी सशाच्या गुडघ्यात पेरिऑस्टिअमचे तुकडे सोडले, आणि १९८६ मध्ये खड्ड्यांवर शिवूनही बघितले. यंत्राने पाय सतत हलता ठेवलेल्या सशांत कूर्चा भरपूर तयार झाली, पाय जखडून ठेवलेल्यांत फारच कमी. साल तीच, शस्त्रक्रिया तीच, फरक हालचालीचा.

आणि दुसरं म्हणजे रक्त आणि प्राणवायू. भरपूर रक्त मिळालं की त्या पेशी हाडाकडे झुकतात, प्राणवायू कमी आणि दाबाची ये-जा असेल तर कूर्चेकडे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आजीला मी सांगते, दुखतं म्हणून गुडघा गुंडाळून खाटेवर बसू नका.

---

गुरांचा_डॉक्टर (कुडाळ) – ५ जुलै, रात्री ९.३०

फिजिओताईंनी माझं अर्धं काम केलं. आभार.

@गजालीवालो, तुमचा प्रश्न भारी आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर वागळीच्या नात्यातला स्केट नावाचा मासा असतो. त्याची कूर्चा मोठेपणीही वाढत राहते आणि कापली तर आपली आपण भरते, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्या नव्या पेशी येतात कुठून? कूर्चेवरच्या त्याच सालीतून. म्हणजे तुमच्या ताटातल्या वागळीच्या चुलतभावाला जे जमतं ते आपल्या गुडघ्याला जमत नाही, कारण सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठावर आपल्याला ती सालच नसते.

@नळीफोड, रस्सा खुशाल प्या, चवीला उत्तमच. पण पोटात गेलेलं कोलॅजन पचून त्याचे तुकडे होतात, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. आणि मोरीच्या गोळ्यांचं कृपा करून कोणाला सांगू नका. शार्कना कॅन्सर होत नाही या समजावर तो धंदा उभा राहिला, आणि शार्कना कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत. एखादा रुग्ण खरा उपचार सोडून त्यामागे लागला तर जीव जाईल.

---

गजालीवालो (मालवण) – ५ जुलै, रात्री ९.४५

वागळीक जमता नि माका जमना नाय! उद्या बाजारात वागळी दिसली तर आधी नमस्कार करतलंय.

---

मुक्ता_वेंगुर्ला – ६ जुलै, सकाळी १०.१५

सगळे इतक्या उत्साहाने लिहिताय, पण सशांबद्दल कोणीच बोललं नाही. निरोगी जनावराचा गुडघा मुद्दाम कोरायचा, पाय यंत्राला बांधायचा आणि शेवटी मारून काप काढायचे. माझ्या घरी दोन ससे आहेत. मला हे वाचवत नाही. माणसाची झीज माणसाने सोसावी.

---

गुरांचा_डॉक्टर (कुडाळ) – ६ जुलै, दुपारी २.५०

मुक्ताताई, तुमचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. मी जनावरांचाच डॉक्टर. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समिती आहे, तिच्या नियमांनुसार संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते, भूल आणि वेदनाशामक द्यावं लागतं, आणि जनावरांची संख्या कमीत कमी का आहे हे पटवून द्यावं लागतं. तरीही ससा तो ससाच, त्याने संमती दिलेली नसते. हे ओझं काम करणाऱ्याने बाळगलंच पाहिजे.

मात्र एक सांगतो. सांधेदुखी माणसालाच होते असं नाही. म्हातारे कुत्रे, घोडे, सगळ्यांची कूर्चा झिजते. माझ्याकडे येणारे लॅब्रेडॉर जिना चढू शकत नाहीत. या कामातून निघेल ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

आणि सशावर चाललं म्हणून माणसावर चालेल असं नाही, हे संशोधकांनाही माहीत आहे. सशाच्या गुडघ्यातली कूर्चा जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड. शेळीची साधारण ०.७ ते १.५, घोड्याची १.५ ते २, माणसाची २.२ ते २.५. शिवाय कोवळ्या सशाचा खड्डा कधी कधी काही न करताही बऱ्यापैकी भरतो. म्हणून पुढच्या चाचण्या शेळ्या-मेंढ्या आणि घोड्यांवर होतात. आपल्या कोकण कन्याळ शेळीचा गुडघा कापून बघितला तर कूर्चा नुसत्या डोळ्यांनी नीट दिसते, सशात ती शोधावी लागते.

---

मुक्ता_वेंगुर्ला – ६ जुलै, दुपारी ३.३०

माझं मत तेच आहे, पण सरळ उत्तर दिलंत याबद्दल धन्यवाद.

---

सुपारी_बागायत – ६ जुलै, सायंकाळी ६.००

ते उंदराच्या पाठीवर माणसाचा कान उगवलेला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर येतो, तो खरा का? शेजारी म्हणतात माणसाची जनुकं घातली होती.

---

ऑर्थो_निवासी – ६ जुलै, रात्री ११.४०

ड्यूटी संपली, आता सविस्तर लिहितो.

तो फोटो खरा, त्यासोबतची गोष्ट खोटी. काम १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं, वाकँटी आणि सहकाऱ्यांचं. विरघळणाऱ्या धाग्यांचा कानाच्या आकाराचा साचा केला, त्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या आणि तो साचा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली ठेवला. माणसाचं त्यात फक्त कानाचा आकार एवढंच.

आता @सड्यावरचा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. जनावरांतलं माणसात आणायचे प्रयत्न झाले. नेदरलँड्समध्ये १९९० च्या सुमारास बरगडीवरचं पेरिकाँड्रिअम काढून गुडघ्यातल्या खड्ड्यात चिकटवलं. सुरुवातीला बरं वाटलं, पण पुढे कित्येकांत ते चुन्यासारखं कडक व्हायला लागलं, म्हणजे कूर्चा होऊन तिथे न थांबता हाडाकडे निघालं. ती सालीची मूळ सवय. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी आम्लात धुऊन चुना काढलेलं हाड सशाच्या स्नायूत ठेवलं होतं, तिथेही आसपासच्या पेशींची आधी कूर्चा झाली आणि मग तिचं हाड झालं. कूर्चा उगवणं त्या मानाने सोपं. तिला कूर्चाच ठेवणं हे खरं अवघड काम!

मग लोकांनी वाट बदलली. १९९४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांच्या निरोगी कूर्चेचा छोटा तुकडा काढून पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि परत खड्ड्यात सोडल्या. वर झाकण म्हणून काय शिवलं असेल? नडगीवरच्या पेरिऑस्टिअमचा तुकडा. म्हणजे तुमची साल इथेही आलीच. भारतातही स्वतःच्या वाढवलेल्या कूर्चापेशींच्या उपचाराला २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली.

पण हा उपचार कोणाला? तरुण माणूस, खेळताना किंवा अपघातात कूर्चेला एकच खड्डा पडलाय, भोवतालची कूर्चा धड आहे, गुडघा सरळ आहे. अडुसष्टाव्या वर्षी झिजलेल्या गुडघ्यात एक खड्डा नसतो. दोन्ही बाजूंची कूर्चा गेलेली, खालचं हाड घट्ट झालेलं, कडेला हाडाचे काटे वाढलेले, आतलं अस्तर सुजलेलं. भिंतीला काठच नसेल तर गिलावा थांबणार कुठे?

---

सड्यावरचा (राजापूर) – ७ जुलै, सकाळी ६.५०

समजलं. मन खट्टू झालं, पण समजलं. वयाचाही संबंध असतो का? आम्ही काडी घेतो ती तीन-चार महिन्यांच्या फुटव्याची. झाड शंभर वर्षांचं चालेल, काडी जून लाकडाची चालत नाही.

---

ऑर्थो_निवासी – ७ जुलै, सकाळी ७.१५

अगदी तेच. वय वाढतं तसा पेरिऑस्टिअमचा कँबियम थर पातळ होत जातो आणि त्याची कूर्चा करण्याची ताकदही उतरते. हे ओड्रिस्कॉल यांनीच सशांत मोजून दाखवलं. आणि माणसाच्या हाडावर तुमच्या आंब्यासारखा दरवर्षी नवा फुटवा येत नाही.

---

जंगलवाट (देवरुख) – ७ जुलै, सकाळी ११.००

माणसाला येत नाही, पण हरणाला येतो! दरवर्षी!

आमच्या बाजूला सह्याद्रीत सांबर आणि भेकर दोन्ही आहेत. शिंग गळून पडतं आणि नवं येतं, हे लहानपणापासून ऐकत आलोय. वाढणाऱ्या शिंगाच्या टोकाला मखमली कातडीखाली कूर्चा असते, मागून तिचं हाड होत जातं. मोठ्या जातीच्या हरणांत हे दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं. आणि या धाग्याला धरून असलेली गोष्ट म्हणजे शिंग येतं ते कपाळाच्या हाडावरच्या सालीतून. ती साल काढून टाकली तर शिंग येत नाही. १९७४ मध्ये जर्मन संशोधकांनी रो जातीच्या हरणाच्या कपाळावरची ती साल पुढच्या पायावर लावली, आणि पायावर शिंग उगवलं.

म्हणजे चाफाताई, इथे मात्र काडीने आपली जात सोडली नाही. जागा पायाची, तरी शिंगच आलं.

---

चाफा (दापोली) – ७ जुलै, दुपारी १२.१०

किती सुंदर! मी माझं वरचं विधान दुरुस्त करते. सगळ्या साली जागेचं ऐकतात असं नाही. हरणाच्या कपाळावरची साल हापूसच्या काडीसारखी आहे, नडगीवरची तशी नाही. हे पुढच्या आठवड्यात वर्गात सांगणार.

---

समईची_वात – ७ जुलै, दुपारी ४.३०

इतकं वाचल्यावर एक सांगावंसं वाटतं. मागच्या वर्षी आम्ही सासूबाईंना एका शहरातल्या क्लिनिकमध्ये नेलं. ‘स्टेम सेलने (म्हणजे मूळपेशींनी) नवी कूर्चा’ म्हणून प्रत्येक गुडघ्याला दोन इंजेक्शनं दिली. दागिना मोडून पैसे भरले. पोटाची चरबी काढून त्यातून पेशी घेतात म्हणाले. कागद मागितला तर फक्त पावती मिळाली. सहा महिन्यांनी एक्स-रे होता तसाच. त्यांना आता पायापेक्षा त्या दागिन्याचं दुःख जास्त आहे, तो त्यांच्या आईचा होता.

---

ऑर्थो_निवासी – ७ जुलै, रात्री १०.२०

वाचून वाईट वाटलं. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्टेम सेलचा मान्य उपचार फक्त रक्ताच्या काही आजारांसाठीच होता. बाकी सगळं चाचणीच्या चौकटीत, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी ‘नवी कूर्चा’ म्हणून पैसे मागितले तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. तो नसेल तर तिथून उठा.

---

सड्यावरचा (राजापूर) – १९ जुलै, रात्री ८.४५

मधे कलमांच्या गडबडीत होतो. परवा आईला रत्नागिरीला दाखवून आणलं. या धाग्यामुळे काय विचारायचं ते कळलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनीही वेळ देऊन सांगितलं. खड्डा नाही, सगळा सांधाच झिजलाय. सध्या मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, थोडं वजन कमी करणं, हातात काठी. वर्षभराने बघून सांधा बदलायचा का ते ठरवू म्हणाले.

फिजिओताई, तुमचं हालचालीचं आईला सांगितलं. सशाचा पाय यंत्राला बांधून हलवत होते म्हटल्यावर तिने पहिलं विचारलं, “आणि तो ससा? तो नंतर चालला का?” मुक्ताताई, ती तुमच्या बाजूची निघाली.

खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजायचं, असं सकाळी वीस वेळा आणि संध्याकाळी वीस वेळा चाललंय. मी समोर पडवीत कलमं बांधत बसतो, ती आकडे मोजते. पाखाडीला एका बाजूने गंजत नाही असा पाइप लावून घेतोय, धरून उतरायला. चिऱ्यात पाइप पक्का बसवायला कोणी चांगला माणूस असेल राजापूर-लांज्याकडे तर कळवा.

---

फिजिओ_चिपळूण – १९ जुलै, रात्री ९.०५

मोजणी सावकाश करायला सांगा, बायका घाईत मोजतात. आणि पाइप बसवताना उंची त्यांच्या मनगटाशी जुळवून घ्या, तुमच्या नाही.

---

गजालीवालो (मालवण) – १९ जुलै, रात्री ९.३०

लांज्याक माझो भाचो आसा, चिऱ्याचा काम करता. व्यनि (खासगी निरोप) करतंय. आवशीक माझो नमस्कार सांग.